रसिकांचा पेला आणि सोलापूरची ज्वारी

सुशिक्षित कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकानें बिअरीची चर्चा करावी कीं नाहीं, असा प्रश्न कांहीं वाचकांस पडेल. ज्या पेयाच्या गोडीविषयीं घरचीं तरुण माणसें दिवाणखान्यांत मोकळेपणानें बोलतात, त्याविषयीं मासिकानेंच मौन धरणें ह्यांत सभ्यता थोडी आणि संकोच फार. शिवाय आमचा वाद पिणाऱ्यांच्या नीतीशीं नाहीं. तो त्यांच्या रसिकतेशीं आहे.

'क्राफ्ट बिअर' ह्या नांवाच्या पेयाचा एक भक्तवर्ग अलीकडे महाराष्ट्रांत निर्माण झाला आहे. मोठ्या कारखान्यांची एकसुरी बाटली टाळून लहान मद्यशाळेंत, थोड्या प्रमाणांत, कारागिराच्या देखरेखीखालीं तयार होणारी बिअर ती ही. पुण्यास २००९ सालीं 'डूलाली' नांवाची अशी मद्यशाळा निघाली आणि तिच्यामागून इतर पुष्कळ निघाल्या. (हें 'डूलाली' म्हणजे आपलें नाशिकजवळचें देवळाली. तेथल्या छावणींत मायदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून गोऱ्या सोल्जरांचीं डोकीं फिरत, म्हणून इंग्रजींत वेडसरपणास हा शब्द पडला. आपल्या गांवाचें नांव गोऱ्याच्या जिभेवरून परत आलें म्हणजे आपल्यास अधिक गोड लागतें!) सोलापूरचीं हौशी माणसें पुण्यामुंबईस गेलीं कीं अशा मद्यशाळा शोधतात आणि परतल्यावर शोधाचें फळ मित्रांस वाटतात. कोणती कडवट, कोणत्या बिअरीस केळ्याचा वास, कोणत्या बिअरीस लवंगेचा. बेल्जमच्या धर्तीच्या एका बिअरींत संत्र्याची साल आणि धने असतात, असें कोणी सांगितलें कीं बैठक थक्क होते. ह्या देवघेवींत वाईट कांहीं नाहीं. एकट्यानें झिंगण्यापेक्षां चौघांत चव ओळखण्याचा छंद केव्हांही बरा. परंतु ही बिअर कोणत्या धान्याची आणि तें धान्य कोणाच्या शेतांतलें, असें ह्या चौघांस विचारून पाहावें. जव बहुधा राजस्थान-उत्तर प्रदेशाकडचे आणि हॉप्स परदेशचे, येथवरही फारसें कोणी पोंचत नाहीं.

पश्चिमेकडून ह्या मंडळींनीं पेला उचलला, पण पेल्यामागचें भांडण तेथेंच ठेवलें. इंग्लंडांत १९७१ सालीं चार मित्रांनीं अस्सल एलच्या रक्षणाची चळवळ आरंभिली, ती नव्या चवींच्या हौसेनें नव्हे. मोठ्या कंपन्या गांवोगांवच्या मद्यशाळा गिळीत होत्या आणि पिंपांत जिवंत राहणाऱ्या एलच्या जागीं वायू भरलेली निर्जीव बिअर सर्वत्र सारखीच विकीत होत्या; त्याविरुद्ध पिणाऱ्यांचें तें बंड होतें. अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें घरीं बिअर करण्याची मोकळीक मिळाली, आणि पुढच्या लहान मद्यशाळांचे पुष्कळ कारागीर त्या घरगुती प्रयोगांतूनच तयार झाले. तेथल्या रसिकाचे हात धान्यांत बुडालेले होते. आमच्या रसिकाचे हात पेल्याच्या कानास तेवढे लागतात.

हें सोलापुरांत घडावें ह्याचें आश्चर्य अधिक. चव वाटून घेण्याची विद्या ह्या जिल्ह्यास कोणी शिकवावयास नको. थंडींत शेतावर आगटी पेटली कीं गुळभेंडीचा हुरडा गोड कीं सुरतीचा, ह्यावर म्हातारींकोतारीं तासन्‌तास वाद घालतात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानांतली ज्वारी कोणती आणि बाजारांत मिसळलेली कोणती, हें भाकरीच्या पहिल्या घासास सांगणारीं माणसें येथें आहेत. मोहोळ येथें निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण कित्येक दशकें शेतकऱ्यांनीं सोडलेला नाहीं. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. अशा घरांत वाढलेला तरुण बिअरीच्या बैठकींत बसला कीं ही सारी जीभ खुंटीस टांगून ठेवतो!

ज्वारीची बिअर होते काय, असें कोणी विचारील. होते. दक्षिण आफ्रिकेंत ती पिढ्यान्‌पिढ्या घरोघरीं होत आली आहे. नायजेरियानें १९८८ सालीं जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हां तेथल्या मोठ्या मद्यशाळांनींही ज्वारी जवळ केली. काम अवघड आहे खरें. जवाचें टरफल मळणीनंतरही दाण्यास चिकटून राहतें आणि पुढें तेंच गाळणीचें काम करतें. ज्वारीचा दाणा उघडा, त्यामुळें भिजलेला भरडा गच्च बसतो. ज्वारींतलें पिष्ट शिजण्यास उष्णता अधिक लागते, आणि तेवढ्या उष्णतेंत पिष्टाची साखर करणारीं द्रव्यें निकामी होऊं लागतात. कोवळ्या ज्वारीनें जनावरांस जी किराळ लागते, तिचें विष मोडांतही असतें; म्हणून दाणे वाळवून मोड चोळून काढावे लागतात. परंतु अशा अडचणी सोडविणें ह्यासच कारागिरी म्हणतात, हें हातमागाच्या गांवांत समजावून सांगावें लागूं नये. आयत्या बिअरींत कोकम नाहीं तर जांभूळ घालून तिला स्थानिक म्हणणें सोपें आहे. दागिना आपला झाला, अंग परकेंच राहिलें.

मे १९३० मध्यें ज्या सोलापुरांत शिंदीचीं झाडें तोडण्यावरून चकमक उडाली, गोळ्या चालल्या, लष्करी कायदा पुकारला गेला, आणि पुढें १२ जानेवारी १९३१ रोजीं ज्या नगरीचे चार सुपुत्र फांसावर गेले, तेथें ही भाषा शोभते काय, असा आक्षेप येईल. त्या चौघांपुढें आम्हीही मान लववितों. परंतु शिंदीवर पडलेली कुऱ्हाड व्यसनावर जितकी होती, तितकीच १८७८ च्या अबकारी कायद्यानें मद्याच्या थेंबाथेंबावर हक्क सांगणाऱ्या परक्या तिजोरीवरही होती. आज तिजोरी स्वकीयांची आहे; बाटलीचें उत्पन्न तिला चालतें. पहांटे गोड असणारी आणि दुपारीं आंबणारी शिंदी मात्र अजून असंस्कृताचें पेय ठरते, आणि पुण्याची आंबट बिअर चाखणारा जाणकार ठरतो.

दुष्काळी मुलुखांत धान्याचें मद्य करावें काय, हा आक्षेप मात्र आम्हांस खरोखर बोंचतो. ज्या मंगळवेढ्यांत दामाजीपंतांनीं भुकेल्यांसाठीं सरकारी कोठारें उघडलीं असें सांगतात, त्याच मंगळवेढ्याच्या दाण्याविषयीं आम्ही बोलत आहों. पण हाच जिल्हा उंसास पाणी पाजतो, उंसाच्या मळीचा मद्यार्क होतो, आणि त्यावर कोणी अश्रू ढाळीत नाहीं. परतीच्या पावसाच्या ओलीवर उभ्या राहणाऱ्या ज्वारीस चांगला भाव देणारें आणखी एक गिऱ्हाईक मिळालें, तर तें रान उंसाखालीं जाण्याचें कदाचित् थांबेल.

खरी आडकाठी निराळीच आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें पिणाऱ्यास परवाना मिळतो, पण घरीं घागरभर बिअर आंबविणें हा गुन्हा होतो. कौटिल्य मद्यावर कडक अध्यक्ष नेमणारा; तरी त्यानेंही उत्सव-यात्रांच्या प्रसंगीं गृहस्थांस चार दिवस मद्य करण्याची सूट दिली होती. आमच्या रसिकमंडळांनीं नव्या पेल्यांच्या याद्या तूर्त बाजूस ठेवून एवढ्या एका सवलतीसाठीं सरकारकडे अर्ज करावा: परवानाधारक प्रौढास, स्वतःपुरती, विक्रीवांचून. पहिली घागर बहुधा नासेल. दुसरी साधली तर ती मंगळवेढ्याच्या एखाद्या ज्वारीवाल्या शेतकऱ्यास आधीं चाखावयास द्यावी, आणि तो काय म्हणतो तें वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें.