खोल्या बांधल्या, पण भाडेकरू निघून गेला तर? गुहागरचा अनुभव वाटद-जयगडने बघावा

रत्नागिरी तालुक्यातील वाटद एमआयडीसीत संरक्षण साहित्याचा मोठा प्रकल्प येणार, अशी घोषणा झाली तेव्हापासून खंडाळा-जयगड रस्त्याला एक हिशोब ऐकू येतो. जमीन द्यायची की नाही हा वाद वेगळा. पण ज्यांची जमीन जाणार नाही, त्यांच्यातले काहीजण म्हणतात, रस्त्याकडेला चार खोल्या काढू. कामगार येतील, भाडं सुरू होईल, भाड्यातनंच कर्ज फिटेल.

हा हिशोब जिल्ह्याने एकदा करून बघितलेला आहे, गुहागर तालुक्यात.

एन्रॉनच्या प्रकल्पाचं नाव दाभोळ, पण तो उभा राहिला खाडीच्या या बाजूला, अंजनवेलला. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाशी करार झाला. १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला, मग वाटाघाटी करून पुन्हा केला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि दुसऱ्या टप्प्याच्या बांधकामावर बाहेरून माणसं येत राहिली. शृंगारतळी, वेलदूर, रानवी, गुहागर या भागात लोकांनी खोल्या बांधल्या, खानावळी काढल्या, जीपगाड्या घेऊन कंपनीच्या कामाला लावल्या. कोणी साठवलेले पैसे घातले, कोणी कर्ज काढलं.

मे २००१ च्या शेवटी वीजनिर्मिती थांबली. दुसऱ्या टप्प्याचं काम अर्धवट राहिलं. डिसेंबरमध्ये एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत निघाली. पुढे २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या भागीदारीत रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी आली आणि २००६ मध्ये प्रकल्प परत सुरू झाला. म्हणजे मध्ये पाच वर्षं गेली. प्रकल्प पाच वर्षं बंद राहू शकतो, बँकेचा हप्ता पाच महिनेही थांबत नाही.

यात एक गोष्ट लोक हमखास विसरतात. भाडं देणारी गर्दी असते ती बांधकाम चालू असताना. कारखाना चालू झाला की माणसं वाढत नाहीत, उलट कमी होतात. फिटर, वेल्डर, सेंट्रिंगवाले पुढच्या कामावर जातात. मागे राहणारे कायम नोकर बहुतेक कंपनीच्या कॉलनीत, नाहीतर मुलांच्या शाळेसाठी रत्नागिरी-चिपळूणात राहतात. त्यामुळे प्रकल्प बंद पडला नाही तरीही कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांचं वय तीन-चार वर्षांचंच धरायला हवं. आणि कर्ज असतं पंधरा वर्षांचं.

आकड्यात बघू. समजा, दहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी, पंधरा वर्षांसाठी घेतलं. हप्ता बसतो सुमारे १०,१०० रुपये. चार खोल्या प्रत्येकी ३,००० ने गेल्या तर महिन्याला १२,००० येतात, कागदावर झकास. एक खोली रिकामी राहिली की ९,००० हातात, हप्त्याला खिशातले अकराशे. दोन रिकाम्या राहिल्या तर चार हजारांच्या वर. घरपट्टी, मोटारीची दुरुस्ती, दर दोन पावसांनी स्लॅबची गळती आणि रंग, हे या हिशोबात धरलेलंच नाही. कोकणच्या पावसात बंद खोलीला लगेच बुरशी धरते, म्हणून रिकामी खोलीही फुकटात उभी राहत नाही.

शहरात फ्लॅट घेणाऱ्यांचं गणित वेगळं दिसतं, पण फार वेगळं नाही. २५ लाखांचा फ्लॅट ७,००० ने दिला तर वर्षाला ८४,००० येतात, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत. एवढं तर बँकेतली ठेवही देते, आणि ठेवीचा नळ गळत नाही. फ्लॅटची किंमत वाढेल ही आशा असते, पण विकायला काढल्यावर गिऱ्हाईक लगेच मिळत नाही.

दापोली, गुहागर, गणपतीपुळ्याकडे घरगुती निवास चालवणाऱ्यांचा भाडेकरू म्हणजे पर्यटक. तो दिवाळी, नाताळ, मे महिना आणि शनिवार-रविवार एवढाच. २०२० चा मे लॉकडाऊनमध्ये गेला, ३ जूनला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची छपरं आणि बागा नेल्या, २०२१ चा मे परत निर्बंधात गेला. त्या दोन वर्षांत तगले ते बहुतेक राहत्या घरातल्या दोन खोल्या देणारे, कारण त्यांच्या डोक्यावर मोठं कर्ज नव्हतं. समुद्रालगत नवीन बांधणाऱ्याने सीआरझेडची परवानगी आधी बघावी, नाहीतर बांधकाम पाडायची नोटीस येते आणि कर्ज तसंच राहतं.

चिपळूणचा धडा आणखी निराळा. बाजारपेठेत तळमजल्याच्या गाळ्याला भाडं सगळ्यात जास्त. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं ते त्याच गाळ्यांत. २००५ च्या जुलैमध्येही शिरलं होतं. भाडेकरूचा माल गेला, मालकाची शटर, वायरिंग, फरशी गेली. दुरुस्ती कोणाची, बंद महिन्यांचं भाडं द्यायचं की नाही, यावर करारात ओळ नसेल तर भांडण ठरलेलं.

आणि करार मुळात असतो कुठे? गावात भाडं तोंडी ठरतं. शहरात ‘अकरा महिन्यांचा’ कागद स्टॅम्पवर करतात आणि समजतात की अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात तसं नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खर्च मात्र किरकोळ आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि नगरपालिका हद्दीत १,००० रुपये. काम ऑनलाइनही होतं.

एवढं करूनही आपल्याकडची खरी अडचण सातबाऱ्यावर असते. जमीन सामाईक, नावं पंधरा-वीस, त्यातली निम्मी मुंबईला, काही तर वारलेल्यांची. अशा जागेत बांधायचं तर बँक सगळ्यांच्या सह्या मागते. काहीजण सह्यांशिवाय घरच्या पैशाने बांधतात. खोल्या रिकाम्या असतात तोवर कोणी विचारत नाही. भाडं सुरू झालं की गणपतीला आलेला चाकरमानी चुलतभाऊ ओटीवर बसून विचारतो, “आमचा हिस्सा किती?” त्याचं चुकतंय असंही म्हणता येत नाही, नाव त्याचंही आहे.

रत्नागिरी शहरात २०२३ मध्ये १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथला भाडेकरू कामगारापेक्षा टिकाऊ, कारण अभ्यासक्रम इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षांचा आणि दरवर्षी नवीन तुकडी येणार. पण शहरात खोली घ्यायची तरी कॉलेजच्या वसतिगृहात किती मुलं मावतात, हे आधी जाऊन विचारावं. वाटदमध्ये विचारायचा प्रश्न वेगळा आहे: बांधकाम किती वर्षं चालणार, आणि नंतर कायम माणसं किती? याचं उत्तर कागदावर मिळत नाही तोवर चार खोल्यांचं कर्ज एका खोलीवर आणलेलं बरं.