उमेदवार ते फ्रेशर

कॉलेजांचे निकाल लागले की झेरॉक्सच्या दुकानांतल्या संगणकावर एक जुनी फाईल पुन्हा उघडते. नाव, पत्ता, टक्के बदलले की रिझ्युमे हातात. वरची ओळ मात्र कुणीच बदलत नाही: नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून स्वतःची व संस्थेची प्रगती साधणे. बी.कॉम.ची मुलगी तीच घेऊन जाते, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला मुलगाही तीच. शेजारच्या फोल्डरमध्ये लग्नाचे बायोडाटा असतात, वर गणपती आणि खाली मामाचं गाव. त्यांत निदान माणूस थोडाफार सापडतो.

या ओळीची चेष्टा फार होते. आजच्या पोरांना स्वतःबद्दल चार वाक्यं धड लिहिता येत नाहीत, असा निकालही लगेच दिला जातो. मला तो घाईचा वाटतो. नोकरी मागणाऱ्याने स्वतःला स्वतःच्या शब्दांत मांडावं, अशी सोय आपल्याकडे होती कधी? शब्द नेहमी नोकरी देणाऱ्याचेच होते.

मराठीत या माणसाला जुना शब्द आहे, उमेदवार. फारसीतून आलेला, उमेद बाळगून असलेला तो उमेदवार. कचेरीत बिनपगारी बसायचं, कागदांच्या नकला करायच्या, अक्षराचं वळण सुधारायचं आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहायची, ही उमेदवारी. तिथे स्वतःचं वर्णन लिहायची वेळच येत नसे. कुणाचा कोण आणि कुणाच्या शब्दावर आला, एवढं पुरे. ज्यांच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नव्हतं, आणि जातीमुळे असे लोकच बहुसंख्य होते, ते कचेरीच्या पायरीपर्यंतही पोचत नसत.

१८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंगने इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचा ठराव केला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८६२ साली पहिले बी.ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. ओळखीच्या जागी आता नावापुढची अक्षरं आली. त्यांचं वजन इतकं वाढलं की पुढे ‘बी.ए. नापास’ हीसुद्धा सांगण्याजोगी पात्रता झाली. गडी निदान त्या परीक्षेपर्यंत पोचला होता ना! खेड्यात व्हर्नाक्युलर फायनल झालेल्याला मास्तरकीची आशा असे. अर्जाच्या शेवटी सगळेच आज्ञाधारक सेवक.

याच काळातला एक कागद मला या सगळ्या अर्जांच्या ढिगावर ठेवावासा वाटतो, जरी तो नोकरीचा अर्ज नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. खाली सही करताना त्यांनी स्वतःची ओळख लिहिली ती व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी. पुढे पेठ जुना गंज. शिकलेल्यांची संख्या शंभरपट व्हावी, पण त्यांनी चाकरीच्या मागे न लागता उपयोगी धंदे धरावेत, अशी अपेक्षा त्याच निवेदनात आहे. सरकारपुढे उभं राहतानाही हा माणूस आपलं काम आपल्या शब्दांत सांगतो.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४५ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघाली आणि १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली. मग माणूस म्हणजे एक कार्ड आणि त्यावरचा नंबर. रांग लावून नाव नोंदवायचं, मुदत संपायच्या आत नूतनीकरण करायचं आणि कॉल येईल म्हणून पोस्टमनकडे बघायचं. जोडीला मराठी टायपिंग तीस, इंग्रजी चाळीस, पुढे एमएस-सीआयटी. कंटाळवाणी पद्धत, पण एक बरं होतं: उत्साही, ध्येयवादी, संघभावना असलेला वगैरे असल्याचा दावा कार्ड करायला लावत नसे.

२००३ साली लिंक्डइन सुरू झालं. आता दावा हाच अर्ज झाला आहे. त्यातून अनेक मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं, म्हणून जाहिरातीतलेच शब्द आपल्या रिझ्युमेत पेरा, असा सल्ला मुलांना मिळतो. म्हणजे मालकाचे शब्द मालकालाच परत करायचे. झेरॉक्सवाल्याची फाईल वेगळं काय करते? उमेदवार आता निवडणुकीत आणि परीक्षेच्या हॉल तिकिटावर उरला. कंपनीच्या दारात उभा असतो तो फ्रेशर. ताजा, म्हणजे हात न लागलेला, अजून काही न केलेला.

त्याच दुकानात एखादा मुलगा बसलेला असतो. वडिलांच्या द्राक्षांचा तीन हंगामांचा हिशेब त्याने ठेवलेला असतो, व्यापाऱ्याशी दरावरून भांडून उधारी वसूल केलेली असते. दुकानदार कीबोर्डवर बोटं ठेवून विचारतो, “अनुभव काय टाकू?”

“काही नाही. फ्रेशर लिहा.”