ताई, साहेबांना पाठवा!

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून टकटक असा आवाज यायला लागला. कल्याण-शीळ रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीला असा आवाज आला नाही तरच नवल! आधी मी रेडिओ मोठा करून बघितला. आपली सवयच ती. मिक्सर कुरकुरला तरी आणखी चार दिवस दामटतोच की आपण. पण सासूबाईंना डोळे तपासायला डोंबिवलीहून ठाण्याला नेत होते, तेव्हा काटई नाक्याच्या अलीकडे खड्ड्यात चाक गेलं आणि असा आवाज झाला की त्याच म्हणाल्या, ‘‘अगं, चाक निघणार नाही ना?’’

दुसऱ्या दिवशी गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. काचेची केबिन, थंडगार एसी, मशीनची कॉफी. तासाभरानं एक मुलगा छापील कागद घेऊन आला. दोन्ही बाजूंचे शॉकअॅब्सॉर्बर, लोअर आर्म, आणखी काहीबाही, एकूण एकतीस हजार. ‘‘आवाज नेमका कशाचा येतोय?’’ असं विचारलं तर म्हणाला, ‘‘मॅडम, सगळं बदललं की जाईल.’’ ताप आला म्हणून पोटापासून डोळ्यांपर्यंत सगळ्याच गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरची आठवण झाली.

घराजवळ गॅरेज नाही असं नाही. डोंबिवलीत मानपाडा रोडला, एमआयडीसीत, ठाण्यात वागळे इस्टेटला, कल्याणात मुरबाड रोडला चार दुकानं सोडून एक गॅरेज असतंच. पण मी तिकडे फिरकत नव्हते. त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका गॅरेजमध्ये ब्रेकपॅड बदलून घेतले. ‘‘ओरिजिनल टाकलेत, ताई,’’ असं सांगितलं गेलं. बिल मागितलं तर ‘‘बिलात कशाला पडता, उगाच जीएसटी लागेल’’ हे उत्तर. मीही पैसे वाचले म्हणून खूष. तीन महिन्यांत ब्रेक किंचाळायला लागले आणि एकदा घोडबंदर रोडवर पुढच्या रिक्षापासून हातभर अंतरावर गाडी कशीबशी थांबली. मागच्या सीटवर माझी मुलगी होती. पॅड काढून बघितले तर झिजून पत्रा लागलेला. गॅरेजवाला म्हणाला, ‘‘हे आमच्याकडचे नाहीतच.’’ माझ्याकडे कागदाचा एक चिटोराही नव्हता. काय बोलणार?

त्यानंतर मी मुकाट्यानं कंपनीच्या दारात जात राहिले. पण एकतीस हजार ऐकल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितलेल्या गॅरेजमध्ये गेले. आत पाऊल टाकलं तर पहिलं वाक्य काय? ‘‘ताई, काय झालंय? साहेबांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो.’’ म्हटलं, दादा, गाडी मी चालवते, आवाज मी ऐकलाय, पैसेही मीच देणार आहे. आमच्या साहेबांना स्टेपनी कुठे असते तेही ठाऊक नाही! मिस्त्री हसले. गाडी जॅकवर चढवली, मला वाकून बघायला लावलं. एक रबराचा बुश फाटला होता आणि लिंक रॉड ढिला झाला होता. खर्च चार हजार तीनशे पन्नास. आवाज गेला.

आता यावरून ‘कंपनीवाले लुटारू, गल्लीतला मिस्त्री देव’ असं मी म्हणणार नाही. ब्रेकपॅडचा अनुभव विसरलेले नाही. पण गाडी कुठे दुरुस्त करायची हे आपण नेमकं कशाच्या आधारावर ठरवतो, हा विचार मात्र डोक्यातून जाईना. बहुतेक वेळा आपण भीतीवर ठरवतो. आणि भीती दोनच असतात. बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल ही एक, आणि बाहेर डुप्लिकेट माल टाकतील ही दुसरी.

पहिल्या भीतीबद्दल बारा-पंधरा वर्षांपूर्वीच मोठं प्रकरण झालं, पण ते आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलंच नाही. २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक तक्रार गेली. गाडीचे सुटे भाग आणि दोष शोधायची यंत्रं कंपन्या फक्त आपल्या अधिकृत सेंटरांनाच देतात, बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत, मग गिऱ्हाईक जाणार कुठे, असा तिचा मुद्दा. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात मारुती होती, होंडा, टोयोटा होत्या, आणि आपल्या मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्स आणि महिंद्राही होत्या.

दंडाचा आकडा पेपरात मोठ्या टायपात आला. पण आपल्या कामाचं होतं ते आयोगानं पुढे दिलेले आदेश. सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजेत. भागांच्या किमती लोकांना कळल्या पाहिजेत. आणि ‘बाहेर दुरुस्ती केली की वॉरंटी रद्द’ अशी सरसकट अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. म्हणजे बाहेर ऑइल बदललं म्हणून एसीची वॉरंटी गेली, असं सांगणं या आदेशात बसत नाही.

मग हे सगळीकडे लागू झालं का? तिथेच घोडं अडलं. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणानं तीन कंपन्यांच्या बाबतीत आयोगाचा निष्कर्ष उचलून धरला, पण दंड एकूण उलाढालीवर न मोजता सुट्या भागांच्या धंद्यावर मोजायला सांगितला. बाकीच्या अनेक कंपन्यांनी उच्च न्यायालयाची वाट धरली. आमची गाडीही २०१४ चीच. निकाल कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला आणि गाडी म्हातारी झाली!

पुढे २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि वाहनं, अशा चार प्रकारच्या वस्तूंची दुरुस्ती, सुटे भाग, वॉरंटी यांची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून. पाऊल चांगलं आहे, पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. म्हणून माझा व्यवहारी हिशेब असा : गाडी वॉरंटीत असेपर्यंत वॉरंटीची कामं कंपनीकडेच करा, पण बाहेर किरकोळ काम केलं म्हणून कुणी दटावलं तर ‘लेखी द्या’ म्हणा. वॉरंटी संपली की निवड पूर्णपणे आपली.

ही निवड का टिकली पाहिजे, हे आम्हा डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको. कल्याण-शीळ रस्त्यावरचं प्रीमियर मैदान आज सभांसाठी ओळखलं जातं. ते नाव प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचं. नव्वदच्या दशकात इथल्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर ‘प्यूजो ३०९’ ही गाडी बनायला लागली. मोठ्या हौसेनं लोकांनी बुकिंग केलं. काही वर्षांतच भागीदारी मोडली, प्यूजो निघून गेली. गाडी घेतलेल्यांच्या दारात गाडी राहिली, कंपनी राहिली नाही. त्याच प्रीमियरची पद्मिनी मात्र बघा. तिचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबलं, तरी मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीपर्यंत धावली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय ती वीसेक वर्षं कुणी चालती ठेवली? रस्त्याकडेच्या मिस्त्र्यांनीच ना!

ही जुनीपुराणी गोष्ट नाही. तळेगावला कारखाना असलेल्या जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस भारतात शेवरोले गाड्या विकणं थांबवलं. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनं इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. या गाड्या आजही लोकांच्या दारात आहेत. छोट्या गावात तर कंपनीचं सेंटर आधीच साठ-सत्तर किलोमीटरवर. तिथे बाजारपेठेच्या टोकाचं गॅरेज बंद पडलं, तर अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी गाडी उभी राहते. मिस्त्र्याच्या पोटाचा प्रश्न आहे तसा आपल्या सोयीचाही आहे.

आणि हा मिस्त्री सध्या अडचणीत आहे. पूर्वी तो आवाजावरून इंजिन ओळखायचा. आता गाडीत कॉम्प्युटर आलाय. एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या, त्यांत सेन्सर आणखी वाढले. पिवळा दिवा लागला की आधी स्कॅनर लावावा लागतो. बाजारात मिळणारा साधा स्कॅनर बिघाडाचा कोड दाखवतो, पण काही नवे भाग बसवल्यावर ते गाडीच्या कॉम्प्युटरला ‘ओळखून’ द्यावे लागतात, आणि त्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. ते ज्याच्या हातात, गिऱ्हाईक त्याच्या हातात. पाना विकत घेता येत होता, सॉफ्टवेअर मागून मिळत नाही. २०१४ च्या त्या आदेशाचं मोल इथे कळतं.

त्यातच पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आलं. जुन्या गाड्यांचं काय, यावरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये बरीच ओरड झाली. तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयानंच सांगितलं, की काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि ते काम नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये स्वस्तात होतं. तेव्हा गाडी जुनी असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला इंधनाच्या नळ्या तेवढ्या तपासायला सांगा.

आता दुसरी भीती, डुप्लिकेट मालाची. ती खोटी नाही, पण तिच्यावरचा उपाय आपल्याच हातात आहे : कागद! मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघातून महिन्याचं वाणसामान घेणाऱ्या कितीतरी जणी ठाण्या-डोंबिवलीत आहेत. डाळीचं वजन, तेलाची तारीख आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. मग ज्या ब्रेकवर लेकराचा जीव, त्याचं पाकीटही बघायला नको?

माझा नेम आता ठरलाय. काम सुरू करण्याआधी काय करणार आणि किती लागणार ते लिहून घ्यायचं, मोबाइलवरच्या मेसेजनंही चालतं. ‘जास्तीचं काही निघालं तर आधी फोन करा’ हे बजावायचं. नव्या भागाचं पाकीट माझ्यासमोर फोडायचं, त्यावरची किंमत आणि पार्ट नंबर बघायचा. काढलेला जुना भाग परत मागायचा. आणि बिलावर गाडीचा नंबर, किलोमीटर, भागाचं नाव आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यायची. ‘जीएसटी लागेल’ या सबबीला भुलू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या गॅरेजला जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. ते साधं, सहीचं बिल देऊ शकतात.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तर बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तक्रार करायची तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. तिथे भागलं नाही, तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. दुरुस्ती ठाण्यात केली आणि तुम्ही राहता साताऱ्याला, तरी साताऱ्यात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. पण हे सगळं कागद असला तरच. माझ्या ब्रेकपॅडच्या वेळी कायदा नव्हता असं नाही, पुरावा नव्हता.

नव्या मिस्त्र्यांकडे मी पहिल्यांदा बिल मागितलं, तेव्हा त्यांचाही चेहरा पडला होता. ‘‘विश्वास नाही का, ताई?’’ म्हटलं, विश्वास आहे म्हणूनच पुन्हा येणार आहे, आणि पुन्हा येईन तेव्हा मागच्या वेळी काय केलं ते तुम्हाला आठवेल का? त्यांना ते पटलं. आता त्यांच्या टेबलावर एक बिलबुक असतं, आणि माझ्या गाडीच्या कप्प्यात एक वही.

मागच्या महिन्यात सर्व्हिसिंगला गेले. माझ्या आधी एक कॉलेजातली मुलगी वडिलांची गाडी घेऊन आली होती. मिस्त्र्यांनी बॉनेट उघडलं आणि तिला हाक मारली, ‘‘ये ग, आधी ऑइल बघ कसं काळं झालंय ते, मग ठरव.’’

साहेबांना पाठवा, असं काही म्हणाले नाहीत.