ऊसबिल आणि मोबाईलचा पिन



ऊसबिल आता थेट बँक खात्यावर जमा होते. सोय चांगलीच आहे. पूर्वी बिलाचे पैसे कोपरीच्या खिशात घालून एस.टी.ने फुलसावंगीला निघालेल्या माणसाचा अर्धा जीव त्या खिशातच असायचा. पण चोर काही गेला नाही, त्याने वाट तेवढी बदलली.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस या सहकारी बँकेवर ११ व १३ तारखेला संगणकातून दरोडा पडला. एटीएमची यंत्रणा चकवून बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले, काही हाँगकाँगला वळवले. सुमारे ९४ कोटी गेले. तिथे खातेदारांच्या खात्यांना हात लागला नाही, तोटा बँकेने सोसला.

आपल्याकडची चोरी फोनवरून होते, अन् तीही आपल्याच बोटाने. "बिलाचा फरक जमा करायचाय, पिन टाका" असे कोणी म्हणाले की समजावे, हा न्यायला आलाय. पैसे यायला पिन लागतच नाही, तो लागतो द्यायला. पिन आपणच दिला तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे आपल्याच माथी. तेव्हा लाजून घरी बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा, बँकेलाही कळवा.

मात्र सगळा भार शेतकऱ्यावरच टाकणे मला पटत नाही. खात्यावर पैसे आल्याचा संदेश पुष्कळांना इंग्रजीत येतो, तो मराठीत का नको? फरकाची रक्कम अन् तारीखही गट ऑफिसच्या फळ्यावर आधी लागावी. चिटबॉयने तोडीच्या चिठ्ठीबरोबर तेवढे सांगितले तरी पुरे.