सुतक, पुस्तक आणि फोडणी

आई गेली त्याच्या पाचव्या दिवशी, दुपारी, मी साताऱ्याच्या घरी माजघरात भिंतीला टेकून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचत बसले होते. पुस्तक आईचंच, कव्हर निघालेलं, शिवण सुटलेलं. वाचता वाचता एका जागी मला हसू आलं. चांगलं मोठ्यानं. स्वयंपाकघरातून आत्या बाहेर आली. तिनं माझ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि म्हणाली, "धन्य आहे बाई तुझी! आई जाऊन आठवडा झाला नाही, आणि हिला पुस्तकं सुचतात."

त्याच वेळी बाहेरच्या खोलीत बाबा क्रिकेटची मॅच बघत होते. टीव्हीचा आवाज तेवढा बारीक केलेला. विकेट पडली की शेजारचे काका "गेला!" म्हणत. त्या दोघांना चहा आत्यानंच नेऊन दिला आणि परत येताना मला म्हणाली, "बघू दे. तेवढंच त्यांचं मन रमतं."

बाबांचं मन रमावं याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ८४ वर्षांचा माणूस, ५८ वर्षांची सोबत सुटलेली. त्यांनी मॅच बघावी, पेपर वाचावा, पत्ते कुटावेत. पण माझंही मन होतंच की. ते रमलं तर मात्र आईवरची माया कमी पडली, असा हिशेब का? आणि हा हिशेब मांडणारी आत्या काही दुष्ट नव्हे. आई आजारी असताना दोन महिने तिची उस्तवार करणारी तीच. तिच्या सासूच्या वेळी तिलाही कुणीतरी असंच टोचलं असणार.

मैत्रिणींनो, या हिशेबाची गंमत पुढेच आहे. आमच्याकडे पाळतात त्या शास्त्राप्रमाणे लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीनच दिवसांचं. सासूसासऱ्यांचं मात्र दहा दिवसांचं. म्हणजे जिनं जन्म दिला तिच्यासाठी तीन दिवस, चौथ्या दिवशी मी फिटले. श्रावणात आई गेली, भाद्रपदात सासरी गौरी आल्या. मी फिटलेलीच असल्यामुळे काही अडचण नव्हती. वीस माणसांच्या पुरणपोळ्या मी लाटल्या, सोळा भाज्या चिरल्या, आरतीला उभी राहिले. तुझ्या आईला जाऊन महिना झाला नाही, तुला हे जमेल का, असं एकानंही विचारलं नाही. शेवटची पोळी तव्यावरून उतरवून मी न्हाणीघरात जाऊन रडले आणि तोंड धुऊन वाढायला आले.

म्हणजे बाईनं दुःखात काम केलं तर चालतं. तिथं तीन दिवसांचं सुतक. आणि स्वतःसाठी काही केलं, कादंबरी वाचली, सिनेमा पाहिला, आवडीचं काही करून खाल्लं, की तिथं वर्षभराचं सुतक. ही दुहेरी मोजपट्टी कोणत्या पोथीत सापडते ते मला माहीत नाही, पण घराघरांत ती पाठ आहे.

लक्ष्मीबाईंचंच घ्या. वडिलांच्या सोवळ्यापायी अख्खं घर वेठीला धरलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं. पुढे आयुष्यात दुःखही काही कमी आलं नाही. १९३४ पासून भागाभागांनी निघालेल्या या पुस्तकात ते सगळं आहे, आणि तरी पानोपानी हसू आहे. आईनं ते किती वेळा वाचलं असेल! दुपारी भांडी झाली की अर्धा तास ते पुस्तक आणि ती. त्या अर्ध्या तासात तिला कुणी हाक मारलेली खपत नसे. पाचव्या दिवशी मी हसले ते आई जिथं हसायची त्याच जागी. तिथं पानाचा कोपरा दुमडलेला होता. तेव्हा आत्याला हे सांगायला हवं होतं. सुचलं नाही, रडू आलं, आणि मी रडते आहे हे पाहून आत्याचं समाधान झालं.

सिनेमाची गोष्ट मला जास्त अवघड जाते, कारण तिथं मीच आत्याच्या जागी होते. १९९१ साली 'माहेरची साडी' आला. अलका कुबलचं ते सोसणं, उषा नाडकर्णींची ती सासू. आई गल्लीतल्या बायकांबरोबर तो तीनदा पाहून आली. मी तेव्हा नुकतीच चळवळीत आलेली, २२ वर्षांची, जिभेला धार. "असले सिनेमे बघता म्हणून तुमच्यावर अन्याय होतो," असं मी आईला चार बायकांसमोर सुनावलं. आई त्या वेळी काही बोलली नाही. रात्री अंथरुणं घालताना म्हणाली, "अगं, तिथं अंधारात मोकळं रडता येतं. घरात रडलं की कारण सांगावं लागतं."

त्या सिनेमाबद्दलचं माझं मत आजही बदललेलं नाही. सोसणारी सून म्हणजे आदर्श सून, हे त्यानं हजारो घरांत पोचवलं. पण तिकीट काढून आत बसलेल्या बायका तिथं नेमकं काय करत होत्या, हे आम्ही तेव्हा विचारलं नाही. त्यांचा मेंदू सिनेमानं बिघडवला, एवढंच धरून चाललो.

आई गेली तेव्हा तिला नेसवायला माहेरची साडी कोण आणणार, असा प्रश्न आला. मामा दोन्ही गेलेले. शेवटी कराडहून मामेभाऊ हिरवी साडी घेऊन आला. "सवाष्ण गेली, भाग्याची गं बाई," असं ओळीनं सगळ्या म्हणत होत्या. बाबा मागे राहिले आणि ती पुढे गेली, यात भाग्य कसलं? ७९ वर्षं जगलेल्या बाईबद्दल सांगण्यासारखं यांच्याकडे एवढंच? मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडले नाही, रडलेही नाही. दीड महिन्यानंतर, गौरी-गणपती उरकल्यावर, एका मंगळवारी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एकटीच सिनेमाला गेले. कुठला होता ते महत्त्वाचं नाही, हाणामारीचा होता. मारामारी सुरू झाली, सगळं थिएटर शिट्ट्या मारत होतं, आणि मी पोटभर रडले. बाहेर येऊन वडापाव खाल्ला. किती दिवसांनी जिभेला चव आली होती.

घरी सांगितलं की ऑफिसात उशीर झाला. ५६ व्या वर्षी, इतकी वर्षं बायकांच्या हक्कांबद्दल बोलून, मी सिनेमा पाहिल्याचं लपवलं! दुसऱ्या दिवशी नवऱ्याला खरं ते सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मला का नाही नेलंस?" पण पहिल्या रात्री मी खोटं बोलले, ते बोललेच.

उलट बाजूनं रेटणारेही भेटतात. "मन गुंतव, छंद लाव, आनंदी राहा, आईलाही तेच आवडेल." यांना दुःखाची घाई. कित्येक दिवस असे गेले की एकच पान चार वेळा वाचलं आणि एक ओळ डोक्यात शिरली नाही. जेवण माती लागलं. आनंद हेही कर्तव्य करून टाकलं तर ते वर्षभराच्या सुतकाइतकंच जाचक. मला हवी आहे ती फक्त मोकळीक. आज वाचावंसं वाटलं, वाचलं. उद्या नाही वाटलं, नाही वाचलं. कुणी मोजत बसू नये.

आणि ही मोकळीकसुद्धा सगळ्यांना सारखी मिळत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची आई काही वर्षांपूर्वी गेली. त्या चौथ्या दिवशी कामावर हजर, कारण एका घरानं खाड्याचे पैसे कापायची भाषा केली होती. आठवडाभरानं भांडी घासताना त्या गाणं गुणगुणत होत्या. समोरच्या बाई मला म्हणाल्या, "यांना काही वाटत नाही हो." मी त्यांना काही बोलले नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. आता आई गेल्यावर मी बाईंना विचारलं, कोणतं गाणं होतं ते? त्यांना आठवेना. "आई म्हणायची ताई, दळताना. त्यातलंच असंल एखादं."

आता स्वयंपाकाबद्दल. साताऱ्याच्या घरी दहा दिवस फोडणी बंद होती. वरण-भात, पिठलं तेही बिनफोडणीचं, कुणी आणून दिलेलं काहीबाही. घराला वासच नव्हता. तेराव्याला गोडाचं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी मी एकटीनं मुगाच्या आमटीला फोडणी दिली. मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि आई स्वयंपाकघरात आहे असं वाटून बाबा उठून दारापर्यंत आले. मला पाहून थांबले, मग पाटावर बसले. आम्ही दोघं जेवलो. ते दोनदा आमटी घेऊन म्हणाले, "गूळ जरा जास्त झाला." आई असताना हेच म्हणायचे.

पुरणपोळ्यांचा घाणा काढणं आणि ही वाटीभर आमटी, दोन्ही स्वयंपाकच. रांधा-वाढा-उष्टी काढा याविरुद्ध आपण इतकं बोललो, तर आता चुलीपाशी सुख मिळतं असं लिहायला संकोच वाटतो. पण एक कुणी तरी लादलेलं होतं, दुसरं मी मागून घेतलं होतं. आईकडे 'रुचिरा'ची जुनी प्रत आहे. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली निघालं आणि वाटी-चमच्याच्या मापानं त्यांनी कितीतरी नवख्या मुलींना सोडवलं. आईच्या प्रतीत समासात पेन्सिलीच्या टिपा आहेत. 'मीठ कमी घालणे.' 'यांना आवडलं नाही, मला आवडलं.' या दुसऱ्या टिपेशी मी बराच वेळ थांबले. मला आवडलं, असं आई मोठ्यानं कधी म्हटल्याचं आठवत नाही. त्या पदार्थाचं नाव इथं लिहीत नाही. तो मी दर रविवारी करते आणि एकटी खाते.

आता दिवाळी आठवड्यावर आली आहे. आत्याचा फोन आला, "यंदा साताऱ्याच्या घरी कढई चढवायची नाही हं. लोक आणून देतील ते खायचं." भावाचं बंगळूरहून म्हणणं, कशाला वाद, बाहेरून मागवू. बाबांना विचारलं तर आधी म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. मग जरा वेळानं, "ती चकली करायची ना, काटेरी."

चकलीची भाजणी परवा दळून आणली. शनिवारी साताऱ्याला जाईन आणि आईच्याच कढईत तळीन. आईच्या वहीत तांदूळ, डाळी, सगळ्यांचं प्रमाण आहे, धन्याचं नाही. ते मी अंदाजानं घातलेत आणि वास काही जमलेला नाही. आत्याला विचारणार आहे. ती आधी रागावेल.