घंटा कोणीं वाजविली ?

आमच्या भूमच्या एस्. टी. स्थानकावर सायंकाळीं पांचच्या सुमारास एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा नेमानें येऊन उभा राहतो. बार्शीची गाडी किती वाजतां, परंड्याची आज किती मिनिटें उशिरां आली, हें आपण विचारावें आणि त्यानें जमिनीकडे पाहत अचूक सांगावें. “कसा आहेस ?” म्हणून विचारलें तर मात्र उत्तर मिळत नाहीं. एखाद्या गाडीनें मोठ्यानें भोंगा वाजविला कीं तो दोन्ही कान घट्ट दाबून भिंतीशीं वळतो. डॉक्टरांनीं त्याच्या आईवडिलांस ‘स्वमग्नता’ हा शब्द सांगितला आहे. गल्लींतील मुलांनीं त्याला दुसरें नांव ठेविलें आहे. तें मी येथें लिहीत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत त्याच्या शाळेंत एक प्रकार घडला. शाळा सुटावयास पाऊण तास अवकाश असतांना घंटा झाली. मुलें दप्तरें घेऊन आरडाओरड करीत बाहेर पडलीं. मास्तर धांवत आले, तों हा मुलगा टोला हातांत घेऊन उभा ! “घंटा कोणीं वाजविली ?” त्यानें लगेच सांगितलें, “मीं.” दुसऱ्या दिवशीं त्याला सारा वेळ व्हरांड्यांत उभें राहावें लागलें.

ही हकीकत रात्रीं पानावर बसल्यावर माझ्या पुतण्यानें रंगवून सांगितली. दादा हंसले, वहिनी वाढतां वाढतां हंसल्या, आणि खोटें कशाला बोलूं, मीहि हंसलों. आमच्या आईचें वय ऐंशीच्या पुढें आहे. तिला अलीकडे कमी ऐकूं येतें. ती हंसली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, “अरे, पण त्याला वाजवायला सांगितलें कोणीं ?”

पुतण्याची मान खालीं गेली. मग हळूहळू सारें बाहेर आलें. चौघां मुलांनीं त्याला सांगितलें होतें कीं, घंटा वाजविलीस तर तुला आमच्यांत खेळायला घेऊं. त्यानें दोनदां विचारलें, “नक्की ना ?” दोनदां त्याला ‘नक्की’ असें सांगण्यांत आलें. ज्या आवाजानें त्याला कान झांकावे लागतात, तोच आवाज त्यानें स्वतःच्या हातानें केला. मास्तरांनीं विचारलें तेवढ्याचें उत्तर त्यानें खरें दिलें. कोणीं सांगितलें, हें त्याला कोणीं विचारलेंच नव्हतें.

“पण मीं कांहीं केलें नाहीं, काका,” पुतण्या म्हणाला. “मी नुसता हंसलों.”

या शेवटच्या वाक्यापाशींच मानसशास्त्रज्ञ आज अधिक थांबतात. मुलांतील छळाचा पद्धतशीर अभ्यास दान ओल्वेउस या संशोधकानें १९७० नंतरच्या दशकांत स्वीडन-नॉर्वेंत सुरू केला. मुद्दाम दुखविणें, पुनःपुन्हां दुखविणें, आणि दुखविणाराचें पारडें जड असणें, या तीन खुणांवरून साधें भांडण व छळ यांतील भेद त्यानें दाखविला. छळणारा मुलगा आंतून भित्रा व दुबळा असतो, असें आपण समाधानासाठीं म्हणतों. ओल्वेउसला त्याचा पुरावा आढळला नाहीं. पुढें १९९६ मध्यें फिनलंडांतील क्रिस्टिना साल्मिवाल्ली हिनें वर्गांतील उरलेल्या मुलांकडे पाहिलें. कोणी हात लावतो, कोणी हंसून उत्तेजन देतो, कोणी दूर उभा राहून पाहतो, आणि थोडीं मुलें आड येतात. छळ हा जणूं एक खेळ आहे व त्याचें बक्षीस प्रेक्षकांच्या हातीं असतें. कॅनडांतील संशोधकांनीं शाळांच्या मैदानावरील चित्रफिती पाहून २००१ सालीं लिहिलें कीं, एखादें मूल मध्यें पडलें तर निम्म्याहून अधिक वेळां छळ दहा सेकंदांच्या आंत थांबला. दहा सेकंद ! आमच्या घरीं हंसणें याहून अधिक वेळ चाललें होतें.

आतां, हेंच मूल कां निवडलें जातें ? पहिलें कारण आमच्या हकीकतींत आलेंच आहे. जें बोललें जातें तेंच मनांत असतें, असें तो धरून चालतो. ‘नक्की’ म्हणजे नक्की. शब्दांमागील डोळा मिचकावणें त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. शिवाय त्याला चिडविलें कीं परिणाम तत्काळ व ठळक दिसतो. कागदी पिशवी कानाशीं फोडली कीं तो किंचाळतो, आणि बघ्यांना हवें असतें तें हेंच. त्याच्या बाजूनें उभा राहील असा सोबती नसतो. आणि तक्रार करावयाची तर घडलेल्या गोष्टींतून दुसऱ्याचा हेतु वेगळा काढून सांगावा लागतो. तेथेंच तो अडतो. म्हणून शिक्षा बहुधा त्याच्याच वांट्यास येते.

व्हिएन्ना येथील हान्स आस्पेर्गर या डॉक्टरनें १९४४ सालच्या निबंधांत अशा मुलांचें वर्णन करितांना, सोबती त्यांस छळतात, कारण तीं वेगळीं म्हणून उठून दिसतात, हें नमूद केलें होतें. (याच गृहस्थानें नाझी राजवटींत कांहीं मुलांची रवानगी, जेथें मुलांना ठार केलें जाई, अशा संस्थेंत करविली, हें २०१८ सालीं दफ्तरांतून उजेडांत आलें. दुःख दिसणें आणि आड येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत !) अमेरिकेंतील नोआ सॅसन व सहकाऱ्यांनीं २०१७ मध्यें केलेला प्रयोग तर फारच बोलका आहे. स्वमग्न माणसांस बोलतांना कांहीं सेकंद पाहून परक्या लोकांनीं त्यांच्याविषयीं प्रतिकूल मत बनविलें. परंतु त्यांचें तेंच बोलणें लिहून नुसतें वाचावयास दिलें, तेव्हां तें प्रतिकूल मत उरलें नाहीं. म्हणजे खटकलें तें बोलणें नव्हे. आवाजाचा चढउतार, नजर, हातवारे. स्वतः स्वमग्न असलेल्या डेमियन मिल्टन या इंग्रज विद्वानानें २०१२ सालीं मांडलें कीं, समजून घेण्याची उणीव दोन्हीकडे असते. आपण मात्र ती एकाच्याच माथीं मारतों.

आपल्या मोठ्या कुटुंबांतहि हें चालतेंच. पाहुण्यांपुढें एखाद्या अबोल मुलास “म्हण बघूं, गा बघूं” म्हणून छेडावयाचें, तें रडूं लागलें कीं “किती हा हट्टी !” म्हणावयाचें, आणि त्याच्या बहिणीनें चारचौघांत त्याची नक्कल केली तर तिचें कौतुक करावयाचें. आळंदीच्या ‘संन्याशाच्या पोरां’ची कथा कीर्तनांत ऐकून आपले डोळे भरतात. लोकांच्या टोचून बोलण्यानें खिन्न होऊन ज्ञानेश्वर ताटी लावून बसले आणि धाकट्या मुक्ताबाईनें त्यांची समजूत घातली, असें परंपरा सांगते. त्या टोचून बोलणारांत आपले पूर्वज नव्हते असें कोणीं सांगावें ?

छळल्या गेलेल्या मुलास आपण देतों तो उपदेशहि पाहण्यासारखा आहे : “लक्ष देऊं नकोस, जरा चारचौघांसारखा वाग.” चारचौघांसारखें वागण्याचें सोंग अनेक स्वमग्न मुलें दिवसभर आणतात व घरीं येऊन गळून जातात, मग “शाळेंत तर शहाणा असतो” म्हणून घरीं बोलणीं बसतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत मुलास मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यांत स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. पण व्हरांड्यांत उभें करणाऱ्या मास्तरांना आपण छळ करीत आहों असें वाटलें नसावें. त्यांनीं प्रश्न विचारला, कबुली मिळाली, न्याय झाला.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यास घेऊन मी त्या मुलाच्या घरीं गेलों. पुतण्यानें माफी मागितली. मुलगा म्हणाला, “घंटा चार वाजून पंधरा मिनिटांनीं वाजविली. सुटते पांचला.” माफी घेतली कीं नाहीं, तें कळलें नाहीं. त्याच्या आईनें आम्हांला चहा दिला, फारसें बोलली नाहीं. मास्तरांपुढें पुतण्यानें खरें सांगितलें. चौघांपैकीं एकाचे वडील मला रस्त्यांत भेटून म्हणाले, “पोरांचा खेळ तो, तुम्ही कुठें मनावर घेतां ?”

त्यानंतर पुतण्या मधल्या सुटींत त्या मुलाच्या बाकावर जाऊन बसूं लागला. दोघे फारसें बोलत नाहींत. गाड्यांचीं वेळापत्रकें वहींत उतरवितात. आठवडा झाला असेल. काल रात्रीं तो माझ्या अंथरुणाशीं येऊन बसला. “काका,” म्हणाला, “आतां तें नांव मलाहि ठेवलें आहे. मी उद्यां कुठें बसूं ?”

मला पटकन् उत्तर सुचलें नाहीं. उद्यां शनिवार, सकाळची शाळा आहे. मी त्याच्याबरोबर जाणार आहें.