जन्मावरून संशय घेणे थांबवा!
31 ऑगस्ट, विमुक्त दिनानिमित्त कुर्डुवाडीकरांना आवाहन



1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि गुन्हा माणसाच्या कृत्याऐवजी त्याच्या जन्माला चिकटवला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी अशा जमातींची कुटुंबे आपल्याच जिल्ह्यात, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाआड कोंडली गेली. हजेरी चुकली की शिक्षा, पास नसला की शिक्षा. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. मनातला कायदा मात्र रद्द झाला नाही. ज्यांच्यावर शिक्का बसला त्यांच्या मनावर त्याचा परिणाम झाला, हे सगळेच मान्य करतात. ज्यांच्यावर तो बसला नाही त्यांचेही मन त्यानेच घडवले, हे आम्हाला आज सांगायचे आहे.

शिक्का बसलेल्याचे काय होते, याचा पुरावा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा सवर्ण आणि दलित मुले जवळपास बरोबरीने चालली. सर्वांसमोर जात पुकारताच दलित मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच, कोडीही तीच. बदलली ती फक्त भोवतालची नजर. दुसऱ्या बाजूचे काय होते, ते अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1968 साली दिसले. जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गात डोळ्यांच्या रंगावरून दोन गट पाडले. श्रेष्ठ ठरवलेली मुले एका दिवसात सोबत्यांशी उर्मटपणे वागू लागली आणि गट उलटवताच वागणेही उलटले. म्हणजे वरचढपणा रक्तात नसतो, तोही शिकवला जातो. “पारधी आलेत, दार लावून घे” हे ऐकत वाढणारे मूल केवळ पारध्याविषयी शिकत नाही. आपण जन्मानेच सज्जन आहोत, हेही ते शिकते. आणि आयता मिळालेला सज्जनपणा कोणी तपासून पाहत नाही.

अशा ठाम संशयाचा शेवट कुठे होतो, हे आपल्या जिल्ह्याने भोगले आहे. भिक्षेसाठी गेलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात जमावाने ठार मारले. निमित्त मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेचे. मारणारी कुठली टोळी नव्हती, गावातलीच माणसे होती.

कोणी म्हणेल, “अनोळखी माणसापासून सावध राहायचे नाही का?” कुर्डुवाडी तर जंक्शन आहे, पुणे-सोलापूर आणि मिरज-लातूर हे मार्ग इथे मिळतात. आषाढीला पंढरपूरला जाणारे हजारो अनोळखी लोक इथे उतरतात, आणि त्यांना पाणी देताना कोणी जात विचारत नाही. तेव्हा भीती अनोळखीपणाची नाही, ठरावीक पेहरावाची आणि पालांची आहे. “पण त्यांच्यातले काही चोऱ्या करतात” असेही म्हटले जाते. करणाऱ्यावर जरूर गुन्हा नोंदवा, त्याच्या नावाने. पतसंस्था बुडवणाऱ्याच्या जातीला आपण कधी गुन्हेगार म्हणत नाही, मग इथेच का? तिसरा आक्षेप असा, की हा जातीचा प्रश्न आहे, वंशवादाचा नव्हे. गुन्हा रक्तातून उतरतो, ही 1871 च्या कायद्याची समजूत वंशवाद नाही तर काय? “सवलती मिळतात, आणखी काय हवे?” असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगणे, की आरक्षणाने वर्गात जागा मिळते, शेजारच्या बाकावरची नजर बदलत नाही.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असेही बजावले. न्यायालय पोलिसांना बजावू शकते. आपल्या घरात काय बोलले जावे, हे आपणच ठरवायचे आहे. म्हणून शिक्षकांनी भर वर्गात जात पुकारू नये. घरमालकांनी आडनाव ऐकून खोली नाकारू नये. चोरी झाली की पहिली धाड पालांवर घालण्याचा आग्रह नागरिकांनी धरू नये. आणि आईवडिलांनी मुलांना कोणत्याही जमातीचे नाव घेऊन भीती घालू नये. विमुक्तांना सरकारने 1952 साली मोकळे केले. या संशयातून मोकळे व्हायचे आता आपण राहिलो आहोत.